‘वाढ आढळली नाही’ या अहवालावर लसचाचणी थांबवू नका

सोलापूर परिसरातील वासरांमध्ये गजकर्णाच्या लसीची चाचणी घेण्याची आपली तयारी झाली होती, परंतु खरवडून पाठवलेल्या नमुन्यांवर ‘बुरशीची वाढ आढळली नाही’ असा अहवाल आल्याने मार्गदर्शकांनी काम थांबवण्यास सांगितले, असे आपण लिहिले आहे. मंगळवेढ्याकडच्या गोठ्यांमध्ये काम करताना असाच अहवाल माझ्याही हाती पडला होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे. परवानग्या आणि प्राणी नैतिकता समिती यांविषयी आपणास माहिती असणारच, त्यामुळे तो भाग सोडतो.

माझे नमुने ज्या प्रयोगशाळेकडे गेले तिचे नाव लिहीत नाही. तेथे ते इतर त्वचाबुरशींप्रमाणे खोलीच्या तापमानाला ठेवले गेले आणि दोन आठवड्यांनी बुरशी वाढवण्याच्या ताटल्या टाकून देण्यात आल्या. गोवंशातील गजकर्णाला बहुधा कारणीभूत असणारी ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम ही बुरशी ३७ अंश सेल्सिअसला चांगली वाढते. तिला वाढवण्याच्या पोषक माध्यमात थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) आणि बहुतेकदा इनॉसिटॉल हा पोषक घटकही लागतो, आणि तरीही वाढ दिसण्यास चार आठवडे लागू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली केसांभोवती बीजाणूंच्या साखळ्या स्पष्ट दिसत असताना अहवाल मात्र नकारार्थी होता. तापमान कोणते ठेवले, असे लेखी विचारले तेव्हा ‘ठरलेल्या पद्धतीप्रमाणे’ एवढेच उत्तर मिळाले, तेही इतक्या उशिरा की तोपर्यंत वासरांचे चट्टे भरून आले होते आणि पशुपालकांचा आमच्यावरील विश्वास उडाला होता. ज्यांनी आपली जनावरे विश्वासाने हाती दिली, त्यांच्यापुढे पुन्हा उभे राहणे किती जड जाते, हे त्या कार्यालयाला कधी कळले असेल असे वाटत नाही.

चट्टे आपोआप भरून येतात, हाच या चाचणीतील खरा धोका आहे. गजकर्ण साधारणतः दोन ते चार महिन्यांत स्वतःहून बरे होते. म्हणून लस न दिलेला, त्याच वयाचा आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेला गट नसेल तर ‘लसीने बरे झाले’ या विधानाला माझ्या मते काहीही किंमत नाही. चट्टे मोजणाऱ्याला कोणते वासरू कोणत्या गटातील आहे हे माहीत असू नये. केवळ रक्तातील प्रतिपिंडे (रोगाविरुद्ध तयार होणारी प्रथिने) मोजून समाधान मानू नये, कारण येथे संरक्षण मुख्यतः पेशीय, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी स्वतः लढतात त्या, प्रतिकारशक्तीतून मिळते. याच कारणाने मारलेल्या बुरशीच्या लसीपेक्षा दुर्बल केलेल्या जिवंत बुरशीच्या लसीवर माझा अधिक भरवसा आहे: सोव्हिएत संघात विकसित झालेली एलटीएफ-१३० ही तशीच लस असून नॉर्वेमध्ये तिच्या सातत्यपूर्ण वापरामुळे गजकर्ण मोठ्या प्रमाणात आटोक्यात आले. अर्थात मी क्षेत्रीय पशुवैद्यक आहे, बुरशीशास्त्रज्ञ नव्हे. मात्रा आणि अंतर यांबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

नमुने चट्ट्याच्या कडेवरून, केसांसह घ्यावेत आणि प्लास्टिकऐवजी कागदी पाकिटात ठेवावेत, कारण ओल राहिल्यास जिवाणू माजतात. हातमोजे अवश्य वापरावेत. हा रोग माणसालाही होतो. वूडच्या दिव्याखाली (त्वचा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली) ही बुरशी चमकत नाही, त्यामुळे त्यावरून कोणी निदान नाकारल्यास मान्य करू नये. पुढील नमुने पाठवण्याआधी तापमान, माध्यम आणि ताटल्या ठेवण्याचा कालावधी प्रयोगशाळेकडून लेखी घ्यावा, आणि ती तसे देण्यास नकार देत असेल तर नमुने दुसरीकडे पाठवावेत.