गाडीत पुढं कोण बसणार?

हल्ली एक प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की समोरची बाई खुर्चीत टेकायच्या आधीच मला अंदाज येतो. "मॅडम, डबल स्ट्रोलर, म्हणजे दोन मुलांची बाबागाडी, घ्यावी का? आणि घेतली तर शेजारी-शेजारी सीटवाली की पुढं-मागं वाली?" कुणाला जुळी असतात, कुणाला दीड-दोन वर्षांच्या अंतरानं दोन. आधी मला वाटायचं की हे दुकानदाराला विचारा की, मी समुपदेशक, मला काय कळतंय चाकांमधलं. पण बावीस वर्षं या खुर्चीत बसून एक सवय लागलीये, एखाद्या वस्तूवरून घरात दोन महिने धुसफूस चालली असेल तर त्या वस्तूच्या आजूबाजूला कोण कोण उभं आहे ते आधी बघायचं. एकट्या माणसाचा प्रश्न असा मला सहसा सापडतच नाही, घराचा असतो.

तर हे एक घर. नावं नको, आणि ओळख पटेल अशा गोष्टी मी बदलल्यात. सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलगी वीस महिन्यांची, मुलगा तीन महिन्यांचा. दोघं नवराबायको आले तेव्हा त्याच्या मोबाईलमध्ये अकरा मॉडेलची एक्सेल शीट होती, वजन, किंमत, रिव्ह्यू, चाकांचा व्यास, सगळं. ती खिडकीबाहेर सात रस्ता चौकातल्या ट्रॅफिककडं बघत बसलेली.

तो म्हणाला, "मी कुठलंही मॉडेल दाखवलं की ही नको म्हणते. का नको ते सांगत नाही."

मी विचारलं, "तुमच्या लिफ्टचं दार किती रुंद आहे?"

शीटमध्ये ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजलं तर ७० सेंटिमीटर. आणि त्याची आवडती शेजारी-शेजारी सीटवाली गाडी ७६ ची. म्हणजे ती गाडी रोज तीन जिने उचलून न्यायची. ती स्वतःच १३ किलोची, वर पोरगी, वर बाळ, आणि उचलणार कोण तर जी दिवसभर घरात एकटी असते ती. (पुरुषांनी रागावू नका, पण हा कॉलम मला अजून एकाही शीटमध्ये सापडलेला नाही.)

आता हे सगळ्यांसाठीच सांगून टाकते, कारण अर्धी भांडणं इथंच मिटतात. आधी लिफ्टचं दार, फ्लॅटचं दार आणि जुनं घर असेल तर उंबरठा मोजा, मग दुकानात जा. जुळ्यांना शेजारी-शेजारी बरी पडते, दोघांना सारखं दिसतं, दोघांकडं एका नजरेत लक्ष राहतं, पण रुंद असते. पुढं-मागं वाली अरुंद दारातून जाते पण लांब असते, वळवताना आणि स्पीडब्रेकरवर उचलताना मनगटं दुखतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, अजून बसता येत नसेल, तर त्याची सीट पूर्ण आडवी व्हायलाच पाहिजे, अर्धवट कललेली नको. पट्टे खांद्यावरून, कमरेवरून आणि पायांच्या मधून असे पाचही हवेत. आपल्याकडं फूटपाथ म्हणजे असला तर असला, तोही पाणीपुरवठ्यासाठी खोदलेला, त्यामुळं बारीक चाकांची गाडी दोन महिन्यांत रडवते. दुकानात रिकामी गाडी ढकलून बघू नका, एका बाजूला दहा किलोची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला पाच किलोची ठेवून एका हातानं ढकला, मग कळतं कुठं ओढते ते. घडी करून रिक्षात सीटच्या मागं मावते का ते विचारा. भाजीची पिशवी हँडलला अडकवू नका, पोरगी खाली उतरली की गाडी मागं कलंडते. आणि आपल्या एप्रिल-मे च्या ४२ डिग्रीत ऊन लागू नये म्हणून वरून टॉवेल किंवा चादर टाकून पूर्ण झाकायचं तर अजिबात नाही, आतली हवा कोंडून तापते, त्यापेक्षा संध्याकाळी सहानंतर निघा. कित्येक घरांना खरं तर डबल लागतच नाही, मोठ्यासाठी साधी गाडी आणि लहान छातीशी कॅरिअरमध्ये, नाक-तोंड उघडं आणि हनुवटी छातीला न टेकता, एवढ्यात भागतं.

असो. लिफ्टमुळं त्यांचं पुढं-मागं वाली ठरलं, आणि मला वाटलं झालं काम. पण पुढच्या वेळी ती आली ती जास्तच गप्प. सोबत नवरा होताच, आणि सासूबाई. घरात तेलुगू बोलणाऱ्या, मराठी थोडी अडखळत पण ठसक्यात. आयुष्यभर विड्या वळलेल्या, बोटं अजून तशीच वाकलेली. त्यांचं मत एकच, "चालती पोर हाय, तिला गाडी कशाला? एक साधी घ्या बाळाला. मी डोक्यावर विड्यांचं टोपलं, काखेत धाकटा, आन् मोठा पदर धरून चालायचा कारखान्यापातूर. काय झालं त्याला?"

मी वाद घातला नाही. खडू घेतला आणि केबिनच्या फरशीवर गाडी काढली, खऱ्या मापाची, एकामागं एक दोन चौकोन. सोफ्यावरच्या दोन उशा त्यांच्या हातात दिल्या, मोठी उशी पोरगी, छोटी बाळ. म्हणलं ठेवा. नवऱ्यानं बाळ पुढं ठेवलं, "सगळ्यांना दिसलं पाहिजे ना." सासूबाईंनी मोठी उशी उचलून खडूच्या रेषेच्या बाहेर ठेवली, चालायला. मग मी हिच्याकडं बघितलं. ती खाली बसली, बाहेरची उशी उचलली आणि ठेवायच्या ऐवजी मांडीवर घेऊन बसून राहिली.

बराच वेळ. पंख्याचा आवाज तेवढा. अशा वेळी न बोलणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि खोटं कशाला बोलू, ती मला बरी जमते.

मग ती म्हणाली, "माझा भाऊ झाला तेव्हा मी पण एवढीच होते. माहेरी अजून कौतुकानं सांगतात, अक्कलकोटच्या बाजारात हिची एक चप्पल पडली, पण पोरगी हूं की चूं नाही, तशीच एका पायानं घरापर्यंत आली. शहाणी पोरगी म्हणून सांगतात. सगळे हसतात. मी पण हसते."

आणि मग, "मला ती शहाणी नकोय एवढ्यात."

दोन महिने जे शीटमध्ये मावत नव्हतं ते हे होतं. ते ऐकलं आणि माझ्याच डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. मी इतकी वर्षं आयांना सांगत आले की मोठ्याला वेळ द्या, त्याचे लाड करा, बाळाच्या कामात सामील करून घ्या. ते चूक नाही, पण आपण 'मोठी' म्हणतो ती वीस महिन्यांची असते. बाळ झालं म्हणून एका रात्रीत तिचं वय वाढलेलं नसतं, फक्त आपल्या घरातला शब्द बदललेला असतो. शेजारच्या घरातलं एकुलतं एक वीस महिन्यांचं पोर थकलं तर आपण पटकन उचलतो, आपलं थकलं तर म्हणतो "आता तू ताई झालीस ना." वर मुलगी असेल आणि मागून मुलगा आला असेल तर विचारूच नका. तेव्हापासून मी असं घर आलं की पहिल्याच दिवशी विचारते, थोरलं नेमकं किती महिन्यांचं? वर्षांत नाही, महिन्यांत सांगा. उत्तर देतानाच बऱ्याच आया थबकतात.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठताना मात्र म्हणाल्या, "आमचा मोठा बी रडायचा नाय. मला वाटायचं गुणाचा हाय." एवढंच. सुनेला दोष देऊन किंवा सासूला शहाणपण शिकवून हे वाक्य कधी निघालं नसतं, याची मला खात्री आहे.

पुढचं सोपं होतं. त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली. तिची मागची सीट पूर्ण आडवी होणारी आणि पुढची फक्त थोडी कलणारी, बऱ्याच गाड्यांमध्ये असंच असतं पण घेताना विचारून घ्या. म्हणजे बाळ मागं, आईच्या हाताशी, आणि पोरगी पुढं. चालावंसं वाटलं तर उतरेल, दमली तर तिची जागा आहे. अशा वयातल्या मुलांना असंही दहा मिनिटं चालायचं असतं आणि अकराव्या मिनिटाला कडेवर यायचं असतं, त्यामुळं "चालती पोर" ह्या शब्दावर फार भरवसा ठेवू नये.

मध्ये सासूबाईंचा फोन आला होता, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता तक्रार सुरू, "मॅडम, कंबर तलावाला नेतो संध्याकाळचं, मीच ढकलते. पन ती पोर पुढं बसून पाय हलवत राहते, दर चार पावलांवर चप्पल पाडते. आन् पडली की एवढ्या मोठ्यांदा वरडते, सगळी मान्सं बघतात. थांबावंच लागतंय बघा, मागं जाऊन उचलावीच लागती."