रोझ हेलब्रॉन या इंग्लंडच्या पहिल्या महिला न्यायाधीश होत्या का, आणि बाळंतपणानंतर फौजदारी वकिलीत परतणाऱ्या मुलीने त्यांच्याकडून काय घ्यावे?

उच्च न्यायालयापुरते विचारत असाल तर नाही. तो मान १९६५ मध्ये एलिझाबेथ लेन यांना मिळाला आणि हेलब्रॉन १९७४ मध्ये दुसऱ्या आल्या. मात्र १९५६ मध्ये बर्नली शहराच्या रेकॉर्डर, म्हणजे अर्धवेळ न्यायाधीश, झालेल्या आणि १९७२ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली या मध्यवर्ती फौजदारी न्यायालयात न्यायासनावर बसलेल्या पहिल्या स्त्री त्याच.

प्रश्नाचा उत्तरार्ध मला झोंबला. मुलगी पाच महिन्यांची असताना मी कामावर परतले, तेव्हा ज्या खून खटल्यातील पंचांचा उलटतपास मी बाळंतपणाआधी रात्री जागून लिहून काढला होता, ती फाईल माझ्या टेबलावर नव्हती. पंचनाम्याची वेळ आणि पंचाचा जबाब यांतील चाळीस मिनिटांची तफावत मी समासात पेन्सिलीने खुणा करून टिपली होती. त्याच खुणांवरून दुसऱ्या ज्युनिअरने उलटतपास घेतला आणि मी मागच्या बाकावर बसून तो ऐकला. विचारले तेव्हा सिनिअर म्हणाले, "लेकुरवाळीने आता पोटगीची कामे बघावीत." मी मान डोलावली, आणि ती माझी चूक होती.

हेलब्रॉन यांना जानेवारी १९४९ मध्ये मुलगी झाली आणि एप्रिलमध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्या किंग्ज कौन्सेल, म्हणजे राजमान्य ज्येष्ठ वकील, झाल्या. हेलेना नॉर्मंटन यांच्यासह इंग्लंडमध्ये हा दर्जा मिळवणाऱ्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. मुलगी वर्षाची होत असताना लिव्हरपूलच्या कॅमिओ सिनेमा खून खटल्यात जॉर्ज केलीचा बचाव त्या करीत होत्या. केलीला मार्च १९५० मध्ये फाशी झाली, आणि तो दोषनिर्णय रद्द व्हायला २००३ साल उजाडले. तरीही फौजदारी काम त्यांनी सोडले नाही. अशा बाईंना उच्च न्यायालयात नेमले ते मात्र कुटुंब विभागात, आणि मला त्यात आमच्या सिनिअरांचेच वाक्य ऐकू येते.

तेव्हा रजेवर जाण्यापूर्वी वकीलपत्रावर आपलेही नाव घालून घ्या. माझे नव्हते.

हे लिहिताना कौटुंबिक कामाला मी कमी लेखत नाही, माझे घर त्यावरच चालले. आई आणि बालरोगतज्ज्ञ दोघेही तयार असताना एका अकरा वर्षांच्या मुलीची नसबंदी हेलब्रॉन यांनी रोखली, ती याच कुटुंब विभागात बसून.