साचा ठेवा, प्रकल्प कमी करा

तुमची अडचण मला नेमकी कळते. शिल्पकलेचा मध्यम स्तरावरचा वर्ग, पंधरा आठवड्यांचं सत्र. त्यात व्यक्तिशिल्प, उठावशिल्प, प्लास्टरचं ओतकाम, लाकडातलं कोरीवकाम आणि वेल्डिंग असे पाच प्रकल्प आधीच आहेत. आता विद्यापीठाला थ्रीडी स्कॅनिंग आणि प्रिंटिंगही हवं आहे. मग प्लास्टरचा साचा जुना झाला म्हणून तो गाळावा का, असं तुम्ही विचारलंय. हाच वर्ग बरीच वर्षं शिकवल्यावर माझं उत्तर असं आहे: साचा राहू द्या, पाचाचे तीन प्रकल्प करा आणि तिन्ही एकाच मूळ आकारातून निघू द्या.

माध्यमांची तोंडओळख प्राथमिक वर्गात झालेली असते. मध्यम स्तरावर पुन्हा पाच माध्यमं पुढ्यात ठेवली, की हाताला वळण लागायच्या आत मुलं पुढच्याकडे ढकलली जातात. माध्यम बदललं की आकार कसा बदलतो, हे या टप्प्यावर कळायला हवं. त्यासाठी आकार तोच ठेवावा लागतो.

साचा गाळायची चूक मी स्वतः केली आहे. वेस्ट मोल्ड, म्हणजे प्रत मोकळी करताना फोडून टाकायचा प्लास्टरचा साचा, काढून थेट सिलिकॉन रबराचे साचे लावले. वेळ वाचला, प्रती सुबक आल्या. पण सिलिकॉन लवचिक असतं. कानामागची खोबण असो की हनुवटीखालची खाच, ते ओढलं की सुटून येतं. त्यामुळे अंडरकट म्हणजे काय, कडक साचा कुठल्या आत वळलेल्या जागी अडकतो, हे मुलांना कळलंच नाही. पुढे पीस मोल्डची, म्हणजे सुट्या तुकड्यांच्या साच्याची, जोडरेषा कुठून न्यायची असं विचारलं, तर वर्ग गप्प. दोन वर्षांनी मी वेस्ट मोल्ड परत आणला.

त्यातला एक क्षण मला फार मोलाचा वाटतो. मातीच्या व्यक्तिशिल्पावर प्लास्टरचा पहिला पातळ थर नीळ मिसळून द्यायचा, त्यावर जाड पांढरा. माती काढून, साच्याला आतून साबण लावून, प्रत ओतून झाली की छिन्नीने साचा फोडायचा. पांढरे टवके उडतात तोवर हात धीटपणे चालतो. निळं दिसलं की ठोका आपोआप हलका होतो, कारण त्याच्या खाली नाक आहे, पापणी आहे. प्रत एकच निघणार असते. इतक्या लक्षपूर्वक आपल्याच कामाकडे बघायला लावणारा दुसरा पाठ मला माहीत नाही. व्यक्तिशिल्प आणि त्याचा साचा या पहिल्या प्रकल्पाला सात आठवडे द्या, कमी नकोत.

स्कॅनिंगला त्यानंतर तीन आठवडे पुरतात, पण त्याला खरं काम द्या: आकार मोठा करणं. फ्रेंच शिल्पकार रोदँचा ‘थिंकर’ हा विचारमग्न बसलेला पुरुष मुळात सुमारे 70 सेंटीमीटर उंचीचा. त्याचे सहकारी आन्री लबोसे यांनी पँटोग्राफच्या, म्हणजे आकार ठरावीक प्रमाणात मोठा किंवा लहान करून उतरवण्याच्या, तत्त्वावरच्या यंत्राने तो वाढवला आणि 1904 मध्ये मोठं शिल्प लोकांसमोर आलं. म्हणजे प्रश्न जुनाच आहे, यंत्र नवं आहे. मुलांनी आपलं व्यक्तिशिल्प फोनने फोटो काढून स्कॅन करावं आणि त्याचा एक भाग दुप्पट मापात छापावा. दुप्पट उंचीला पृष्ठभाग चौपट आणि घनफळ आठपट होतं, हे फळ्यावर सांगून पटत नाही. लहान मापात जिवंत वाटलेला अंगठ्याचा ठसा मोठ्यात निव्वळ खड्डा दिसतो, तेव्हा पटतं.

उरलेले पाच आठवडे तोच आकार तिसऱ्या माध्यमात: लाकूड, वेल्ड केलेल्या सळ्या, मेण किंवा दोर, निवड विद्यार्थ्याची. म्हणजे लाकूड आणि वेल्डिंग जात नाहीत, फक्त सक्तीचे राहत नाहीत. उठावशिल्प मात्र प्राथमिक वर्गाकडे द्या. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी दोरांना गाठी मारत उभी केलेली शिल्पं इथे जरूर दाखवा. शिल्पकार सोमनाथ होर यांची ब्राँझची शिल्पंही दाखवा. मातीचा नमुना न करता मेणाचे पत्रे कापून, चिरून, जोडून ती घडली आहेत. आणि अमेरिकन शिल्पकार इव्हा हेस यांची लेटेक्सची, म्हणजे द्रवरूप रबराची, कामंही. ती 1960 च्या दशकातली, आज बरीचशी काळवंडून कडक झाली आहेत. माध्यम निवडताना टिकाऊपणाही निवडायचा असतो, यावर वर्गात चांगला वाद होतो.

मूल्यमापनात पूर्ण झालेल्या वस्तूला निम्म्याहून कमी गुण ठेवा. साचा बिघडला तरी चूक कुठे झाली हे दाखवता आलं, तर त्याचे गुण मिळायलाच हवेत. नाहीतर सगळे सोपे आकार निवडतात.

सुरक्षेचं पान नव्याने लिहा, जुनं चिकटवू नका. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं, लोखंड वेल्ड करू देऊ नका. जस्ताच्या धुराने ताप येतो. प्लास्टरमध्ये हात बुडवून ठसा घ्यायला ठाम मनाई करा, कारण मोठ्या गोळ्यात ते घट्ट होताना 60 अंशांपर्यंत तापू शकतं आणि हात आतच अडकतो. वाळलेल्या मातीची धूळ कधीही झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. त्यातली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते. वेळापत्रकात प्रत्येक तासाची शेवटची वीस मिनिटं पुसण्यासाठी म्हणून स्पष्ट लिहून टाका. लिहिलेली नसली, तर ती वीस मिनिटंही कामातच जातात.