शिडाच्या जहाजावर पहिल्यांदा जाताना: उंची, उलट्या आणि "मला काहीच येत नाही"

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 19, तीन आठवड्यांची सफर, तीन डोलकाठ्यांचं बार्क जातीचं जहाज, आणि काळज्या तीन: उंचीची भीती वाटते, साध्या बसमध्येही मळमळतं, आणि "ताई, मला काहीच येत नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळेल." पहिल्या दोन काळज्यांवर बाकीच्यांनी चांगलं लिहिलंय. मी सहा वर्षं अशा जहाजांवर नवशिक्यांच्या पाळीची प्रमुख होते. माझ्या अनुभवात उंची आणि उलट्या यांच्यापेक्षा ही तिसरी काळजी जास्त नडते. माणूस ती लपवायला बघतो म्हणून.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. अशा सफरीवर कुणीच शिकून येत नाही. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्बे ते लिस्बन अशी शिडाच्या मोठ्या जहाजांची पहिली शर्यत झाली, तीच मुळी तरुणांना समुद्रावर शिकता यावं म्हणून. आजही त्या शर्यतींत जहाजावरचे निम्मे तरी लोक 15 ते 25 वयाचे असावे लागतात. कायमचे खलाशी मोजकेच असतात आणि शिडं ओढायचे हात तुमचे, नवख्यांचे. तुला काही येत नाही हे धरूनच सगळी आखणी केलेली असते.

आता दोरांबद्दल, कारण पहिले चार दिवस तुझं डोकं त्यातच असेल. बार्कच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं असतात, सगळ्यात मागच्या डोलकाठीवर जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली. चौकोनी शीड ज्या आडव्या काठीला बांधतात तिला यार्ड म्हणतात. एकेका शिडाला यार्ड वर खेचायचा दोर वेगळा, शिडाचे खालचे कोपरे ताणायचे वेगळे, शीड वर गोळा करायचे वेगळे, आणि यार्ड वाऱ्यानुसार फिरवायचे आणखी वेगळे. सगळे मिळून शंभराच्या वर जातात, आणि कठड्याशी ओळीने बसवलेल्या खुंट्यांवर इंग्रजी आठच्या आकारात वेढे देऊन अडकवलेले असतात. सगळे सारखेच दिसतात. पाठांतर करू नकोस. प्रत्येक दोर वर कुठे जातो ते मान वर करून बघ, त्याला हात लाव, हलवून बघ. खुंट्यांचा क्रम उगाच ठरलेला नसतो. साधारणपणे खालच्या शिडाचे दोर पुढे आणि वरच्या शिडांचे क्रमाने मागे असतात. हे एकदा डोळ्यांना दिसलं की अंधारातही हात बरोबर जातो.

माझ्या पाळीतला एक मुलगा आठवतो. दुसराच दिवस होता, वारा वाढत होता आणि वरचं एक शीड उतरवायचं होतं. मी दोराचं नाव घेऊन "सोड" म्हणाले. कुठला दोर ते त्याला आठवेना. आदल्या दिवशीच दाखवलेला, म्हणून विचारायची लाज वाटली. त्याने शेजारच्या खुंटीवरचे वेढे एका झटक्यात काढले. तो यार्ड वर धरून ठेवणारा दोर होता. यार्ड धाडकन खाली आला आणि दोर त्याच्या मुठीतून सरसरत गेला. वर कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. त्याचे दोन्ही तळहात सोलले होते. पाण्यात हात धरून बसलेला असताना तो मला एवढंच म्हणाला, "मला वाटलं तुम्ही हसाल." चूक माझीही होती. त्याने नाव परत उच्चारेपर्यंत मी थांबायला हवं होतं. त्यानंतर मी माझ्या पाळीत नियमच केला: हुकूम ऐकला की मोठ्याने परत म्हणायचा, खुंटीवर हात ठेवून "हाच ना?" विचारायचं, आणि उत्तर आल्यावरच वेढे काढायचे. तेही एकेक करून, शेवटचा वेढा खुंटीवर ठेवून, म्हणजे भार खुंटी घेते, हात नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही आणि पडलेल्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. हे दोन नियम विसरलास तर मोठी इजा होते.

उंचीचं. वर चढणं बहुतेक जहाजांवर ऐच्छिक असतं, आधी विचारून घे. न चढणारी मुलं कमी प्रतीची खलाशी नसतात, माझ्या बघण्यात तरी नव्हती. पण चढावंसं वाटलं तर घाई न करता, जहाज धक्क्याला असतानाच पहिल्यांदा चढ. नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने चढायचं, म्हणजे वारा तुला दोरांच्या शिडीवर दाबून धरतो. हाताने उभे जाड दोर धरायचे. पायाखालचे आडवे दोर झिजून तुटू शकतात, त्यांवर हातांनी लोंबकळायचं नाही. वर मचाणापाशी शिडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि दोनचार पावलं पाठ समुद्राकडे करून चढावी लागतात. तिथे सगळेच थबकतात. थांब, श्वास घे, खाली उतरायचं असेल तर तसं सांग आणि उतर.

यार्डवर उभं राहायला पायाखाली एकच लोंबता दोर असतो. कमरेच्या सुरक्षा पट्ट्याची कडी अडकवायची आणि मग पाऊल टाकायचं, पण टाकण्याआधी ओरडून सांगायचं: "डावीकडे पाऊल टाकतोय!" कारण तू दोरावर वजन टाकलंस की तो ताणला जातो आणि त्याच दोरावर आधीपासून उभे असलेले लोक वीतभर वर उचलले जातात. आधी कळलं तर ते यार्ड घट्ट धरतात. पलीकडून "ये!" असं उत्तर येतं आणि मग तू जातोस. मला या कामातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. डेकपासून पंचवीस मीटर वर, ज्याचं नावही नीट माहीत नाही अशा माणसाला तू तुझं पाऊल आधी सांगतोस.

मळमळीवर थोडक्यात. पहिले दोनतीन दिवस वाईट जातात, मग शरीर बहुधा जुळवून घेतं. औषध डॉक्टरांना विचारून आणि जहाज हलायच्या आधी घे, नंतर ते पोटात टिकत नाही. डेकवर मधोमध राहा, क्षितिजाकडे बघ, घोटघोट पाणी पीत राहा, कोरडं काहीतरी चघळ. ओकायचं ते वाऱ्याआडच्या बाजूला, पट्टा अडकवून. नेल्सनसारख्या नामवंत ब्रिटिश नौसेनापतीलाही आयुष्यभर समुद्र लागायचा.

खरी कसोटी रात्रीची असते, आणि तिच्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. तीन पाळ्या असतील तर चार तास काम, आठ तास सुट्टी. पण त्या आठ तासांत जेवण, सफाई, धडे आणि मध्येच "सगळे डेकवर" असतं, त्यामुळे सलग झोप फार तर पाचेक तास. रात्री बारा ते चार या पाळीत तू सुकाणूवर असशील. तिथेही तेच: अधिकारी दिशेचे आकडे सांगेल, तू ते परत म्हणायचे, आणि जहाज त्या दिशेला स्थिर झालं की पुन्हा सांगायचं. होकायंत्राकडे टक लावून बसू नकोस. काटा सरकलेला दिसेपर्यंत जहाज वळलेलं असतं, मग तू जास्तच सुकाणू फिरवतोस आणि मागे नागमोडी रेघ उमटते. डोलकाठीजवळचा एखादा तारा धर, पंधरावीस मिनिटांनी दुसरा निवड, कारण तारेही सरकतात.

पुढे नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, टेहळणीला असलास तर दिसेल ते कळव. लाल दिवा म्हणजे समोरच्या जहाजाची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. पण रंग कळला नाही तरी कळव. एका मुलीने एका रात्रीत तीनदा क्षितिजावर उगवणारा तारा जहाजाचा दिवा म्हणून कळवला. तिन्ही वेळा अधिकाऱ्याने "ठीक, बघत राहा" एवढंच म्हटलं. चौथ्यांदा मात्र खरंच मासेमारीची छोटी होडी निघाली, दिवा अगदी मिणमिणता, आणि आमच्या वाटेतच. तारा कळवल्याबद्दल कुणी तिला बोललं असतं तर चौथ्या वेळी ती गप्प राहिली असती, असं मला आजही वाटतं.

पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत होईल, तेव्हा तिच्याकडे लक्ष दे. 1957 मध्ये पामीर हे चार डोलकाठ्यांचं जर्मन प्रशिक्षण जहाज वादळात बुडालं, 86 जणांपैकी सहाच वाचले. 2010 मध्ये काँकॉर्डिया हे जहाज ब्राझीलपासून दूर खोल समुद्रात उलटलं, त्यावर बहुतेक विद्यार्थीच होते. ते सगळे 64 जण वाचले. फुगवायच्या तराफ्यांवर दीड दिवसाहून जास्त काळ काढला, पण वाचले. तराफा कुठे आहे, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं, हे झोपेतून उठवलं तरी आठवलं पाहिजे. दारं आणि झडपा बंद करायला सांगितल्या तर त्याच क्षणी कर.

सामानाचं: अंगठ्या, कडं, साखळ्या घरीच ठेव. दोरात अंगठी अडकून बोट गेल्याची उदाहरणं आहेत. वर चढताना खिसे रिकामे. चष्मा आहे असं लिहिलंयस, तर मागून बांधायची दोरी आणि दुसरा चष्मा दोन्ही ने. गाठी दोनतीनच शिकून जा: न सरकणारा फास बांधायची बोलाइन, खांबाला दोर अडकवायची क्लोव्ह हिच, आणि दोर निसटू नये म्हणून टोकाला मारायची आठाची. डोळे मिटून बांधता येईपर्यंत सराव कर. आणि पहिल्याच संध्याकाळी तुमच्या पाळीचा प्रमुख कोण ते बघून त्याला सांग, "मला उंचीची भीती वाटते आणि दोरांची नावं लवकर लक्षात राहत नाहीत." मला असं येऊन सांगणाऱ्यांना मी पहिल्या रात्री माझ्या शेजारच्या खुंटीवर उभं करायचे.