एक पावसाळा, भाड्याने, गाडीशिवाय

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय बाळ,

बाबांच्या निवृत्तीनंतर आई-बाबांनी कुठे राहायचं, याची तुझी फाइल नीट बघितली. गावांची नावं, त्यांचे रकाने, प्रत्येक रकान्याला गुण, आणि बेरजेत दुबई पहिली, दापोली दुसरी, पुणे खालून दुसरं. फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "मावशी, बेरीज दुबई म्हणते, बाबा दापोली म्हणतात, आई काहीच म्हणत नाही. मी काय करू?" म्हणून लिहायला बसले. फोनवर मी चिडते आणि सांगायचं ते राहून जातं.

आधी कराचा रकाना घेऊ. त्याला तू सगळ्यात जास्त गुण दिलेस, आणि माझं अख्खं आयुष्य लोकांची विवरणपत्रं भरण्यात गेलं. प्राप्तिकर केंद्र सरकारचा असतो. दापोली, पुणे, मैसूर, गोवा, कुठेही राहा, दर तेच. त्या रकान्यात तू वेगवेगळे गुण कुठून आणलेस ते मला कळलं नाही. सिक्कीमची सूट लाल अक्षरांत लिहिली आहेस. ती कायद्याने सिक्कीमी ठरलेल्या माणसांना आहे. पुण्याहून गंगटोकला बिऱ्हाड हलवलं म्हणून बाबांना मिळायची नाही.

आता दुबई. तिथे नोकरी करणारा तुझा दादा म्हणतो तिथे कर शून्य, आणि ते खरं आहे. पण पुण्यात किती बसतो हे कुणी बघितलं का? बाबांची पेन्शन महिना ५५ हजार, म्हणजे वर्षाचे ६ लाख ६० हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी २ लाख ४६ हजार व्याज. एकूण ९ लाख ६ हजार. त्यातून पेन्शनवरची ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की राहिले ८ लाख ३१ हजार. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत अशा १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. पुण्यात शून्य, दापोलीत शून्य.

आणि ही सवलत फक्त निवासी माणसाला आहे. बाबा वर्षाचा बहुतेक काळ दादाकडे राहून अनिवासी झाले की ती गेली. सरकारी पेन्शनवर कर इथेच लागणार: नुसत्या पेन्शनवर उपकरासह ९ हजार ६२० रुपये. शिवाय अनिवासी माणसाला त्या बचत योजनेत खातं उघडता येत नाही. म्हणजे कर वाचवायला दुबईला गेलेला माणूस भारत सरकारला जास्त कर देणार आणि ८.२ टक्क्यांवरही पाणी सोडणार. त्यात तिथला व्हिसा दादाच्या नोकरीला बांधलेला. दादाची नोकरी गेली तर आई-बाबांनी कुठे जायचं, याला तुझ्या फाइलीत रकाना नाही.

कराच्या भरवशावर गाव निवडू नये, याचं दुसरंही कारण आहे. पोर्तुगालने २००९ मध्ये परदेशी पेन्शनरांना बोलावणारी करसवलत काढली, २०२० मध्ये त्यांच्या पेन्शनवर १० टक्के लावले आणि २०२४ पासून नव्या लोकांसाठी ती योजनाच बंद केली. लांब कशाला, आपल्या महापालिकेची स्वतः राहत असलेल्या घरावरची मिळकतकरातली ४० टक्के सवलत १९७० पासूनची. ती २०१९ मध्ये गेली आणि २०२३ मध्ये परत आली. कर प्रत्येक फेब्रुवारीत बदलू शकतो. घराच्या दारातला चढ बदलत नाही, आणि तो चढ बाबांना वयाच्या पंचाहत्तरीत चढायचा आहे.

तेव्हा माझं म्हणणं एकच आहे आणि मी ते सगळ्यांना सांगत आले आहे: एक पावसाळा, भाड्याने, गाडीशिवाय. जिथे कायमचं राहायचं मनात आहे तिथे जून ते सप्टेंबर भाड्याने राहायचं, आणि गाडी पुण्यात ठेवून जायचं. पायी काय मिळतं ते बघायचं. दूध, भाजी, औषधाचं दुकान, डॉक्टर, बँक आणि दिवसातून एकदा तरी बोलायला माणूस. यातलं जे पायी मिळत नाही ते म्हातारपणी मिळणार नाही, असं धरून चालायचं.

तू म्हणशील, बाबा उत्तम गाडी चालवतात. आज चालवतात. ते ५८ व्या वर्षी निवृत्त होताहेत आणि ५८ वर्षांच्या माणसासारखं घर शोधताहेत. मोतीबिंदू झाल्यावर, रात्री, पावसात, घाटातून? आणि आईला गाडी येत नाही. ज्या रात्री बाबा आजारी पडतील त्या रात्री त्या घरात गाडी चालवणारं कोणी नसेल. हे तुला सुचलं नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं, कारण तू हुशार आहेस.

हवामानाच्या रकान्यात वर्षाची सरासरी टाकली आहेस. तिचा काय उपयोग? वर्षभराच्या सरासरीत दापोली सुरेख दिसणारच. दापोलीचं खरं रूप बघायचं ते जुलैत. पुण्यात वर्षभरात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सह्याद्रीपलीकडे तीन हजारांच्या वर. कपाटातल्या चादरींना बुरशी, दिवसदिवस वीज नाही, आणि दरड कोसळली की घाट बंद. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा तिथली माणसं गच्चीवर अडकून बसली होती. कोकणातली जन्मापासूनची माणसं हे सगळं पेलतात, कारण हाकेच्या अंतरावर त्यांचे भावबंद असतात. बाबांचे कोण आहेत तिथे?

इंग्रजांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर पावसाळा काढायला पुण्यात यायचा. गणेशखिंडीतला त्याचा बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. तिकडच्या धो धो पावसातून तो इकडे यायचा आणि पाऊस संपला की परत जायचा. बाबांनाही तसं करता येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणात खोली घेऊन राहावं, कोण नको म्हणतंय! त्यासाठी बाणेरचा फ्लॅट विकून डोंगरउतारावर एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट घ्यायची गरज नाही.

मी कोकणाच्या विरोधात आहे असं तुझ्या आईला वाटतं. तसं नाही गं. आमच्या ह्यांना हर्णैजवळ घर हवं होतं. मासे न खाणारा माणूस, पण बंदरावरचा मासळीचा लिलाव बघत तासन् तास उभा राहायचा. एक प्लॉट पसंतही केला होता, सातबारा मी वाचून दिला. मी म्हटलं, आधी एक पावसाळा भाड्याने राहू, मग सही करू. ते चिडले. म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीची चाचणी घ्यायची असते. पण मानलं. ते निवृत्त झाल्यावरच्या जूनमध्ये जायचं ठरलं, जागाही बघितली होती, आणि एप्रिलमध्ये त्यांचं आजारपण निघालं. पुढचे सगळे पावसाळे दवाखान्यात गेले. ते चार महिने आम्हाला मिळाले नाहीत याची हळहळ मला रोज वाटते. प्लॉट घेतला नाही याची वाटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. तो प्लॉट ज्यांनी घेतला त्यांची अर्धी झाडं पडली. मी बरोबर होते, पण ते ऐकायला हे नाहीत. आणि हर्णैला घर असतं तर त्या आजारपणात आम्ही काय केलं असतं, हे मला कुणीतरी सांगावं. इथे रात्री दोन वाजता शेजारच्या मुलाने रिक्षा आणली आणि आम्ही दहा मिनिटांत डॉक्टरांसमोर होतो.

माझा मुलगा मला वाकडला बोलावतो. मोठं घर आहे, स्वतंत्र खोली आहे, सून चांगली आहे. मी जात नाही. लोक त्याला हट्ट म्हणतात. इथे मी सकाळी सारसबागेत फिरून येते, पुस्तक बदलायला पुणे मराठी ग्रंथालयात जाते, भरत नाट्य मंदिरात नाटक असलं की रात्रीसुद्धा एकटी चालत घरी येते. मी दोन दिवस दिसले नाही तर भाजीवाली वर येऊन बेल वाजवते. वाकडला यातली एक तरी गोष्ट मला कुणाला न सांगता करता येईल का? पेठेतही त्रास आहे: फुटपाथवर दुचाक्या, आणि गणपतीत असा आवाज की छातीत धडधडतं. त्या दिवसांत मी साताऱ्याला बहिणीकडे जाते. पण उरलेलं वर्ष माझं मला जगता येतं.

म्हणून पुण्याला जास्त गुण दे, असं मी म्हणत नाही. बाणेरचा तुमचा फ्लॅटही या परीक्षेत नापास आहे. दुधाच्या पिशवीसाठी स्कूटर काढावी लागते आणि रस्ता ओलांडायला तुझ्या आईचा जीव घाबरतो. पुण्यात राहायचं ठरलं तरी तिथेच राहायचं असं नाही. मैसूरची हवा छान असेल, पण भाजीवालीशी आई कोणत्या भाषेत बोलणार? दापोलीच हवी तर दापोली गावात बघा, बाजारपेठेपाशी, एसटी स्टँडजवळ. समुद्र दिसणारा डोंगर नको. ६५ नंतर एसटीचं तिकीट अर्धं, ७५ नंतर फुकट, पण स्टँडपर्यंत पोचता आलं पाहिजे ना! वाई बघितलीत का? नदीचा घाट, बाजार, दवाखाने सगळं जवळजवळ, आणि पुणे दोन-अडीच तासांवर. तिथेही तेच. एक पावसाळा, भाड्याने, गाडीशिवाय.

आता ज्या गोष्टीचा मला राग आला ती. एवढ्या रकान्यांत आईचा एकही नाही. "आई काहीच म्हणत नाही" असं तू सहज सांगितलंस. तिला विचारलं कुणी? कोकणातलं घर म्हणजे बाबांना झोपाळा आणि मे महिन्यात सगळ्या नातेवाइकांची सुट्टी. त्यांचा स्वयंपाक कोण करणार? निवृत्त बाबा होताहेत. तिची निवृत्ती कधी, हे तुमच्यापैकी कुणी विचारलेलं नाही. तिचा बुधवारचा गाण्याचा वर्ग, तिच्या मैत्रिणी, तिचे गुडघ्याचे डॉक्टर, हे सगळं पुण्यात आहे. तिला एकटीला घेऊन बस. बाबा समोर असताना ती "तुम्ही म्हणाल तिथे" एवढंच म्हणेल.

पैशाचं थोडक्यात. पुण्याचा फ्लॅट दोन वर्षं तरी विकायचा नाही. अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने द्या. मिळकतकरातली ४० टक्के सवलत तेवढ्यापुरती जाईल, जाऊ दे. विकून बसलात आणि परत यावंसं वाटलं तर ८० लाखांच्या घरावर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्कच ५ लाख ६० हजार. पुढे कधी नवीन घर घेतलंत तर आईच्या एकटीच्या नावावर घ्या, १ टक्का कमी लागतो, आणि ते तिचं असेल. घर तुझ्या किंवा दादाच्या नावावर बक्षीसपत्राने करायचं नाही. बाबा भावनेच्या भरात म्हणतील, तू नको म्हण. मृत्युपत्र करू दे, पण जिवंतपणी छप्पर त्यांचंच राहू दे.

बाबा ३१ मेला निवृत्त होणार, म्हणजे वेळ फार नाही. दापोलीत भाड्याची जागा बघायला मार्चमध्येच जा. एप्रिल-मेमध्ये तिथे पर्यटकांची गर्दी असते, चार महिन्यांचं बोलायला कोणी तयार होत नाही. आईला बरोबर ने, आणि जागा बघताना स्टँडपासून चालत जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसाठी बाबांना ६० ची वाट बघावी लागत नाही, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं आणि त्या पैशांचा पुरावा लागतो. रक्कम कधी जमा होणार ते त्यांच्या कार्यालयात विचारून मला कळव, अर्ज मी बघते. बाबांना रविवारी सकाळी माझ्याकडे पाठव. एकट्यांना. दादाशी मी स्वतः बोलेन.

तुझी,
मावशी