जोडीदार सोडून गेली, आता मुलीच्या खेळाचे काय?

बॅडमिंटनमध्ये दुहेरी खेळणाऱ्या मुलींचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा काळजी बहुधा एकच असते. इतकी वर्षे जिच्याबरोबर खेळली ती मुलगी दुसऱ्या जोडीदाराकडे गेली. आता आमच्या मुलीचे काय होणार, आणि मुळात दुसऱ्याच्या भरवशावर उभे राहणारे हे करिअर तिने करावेच का? इंदूरच्या सुदामानगरातून आलेल्या एका कुटुंबाचा प्रश्नही हाच होता. त्या मुलीला मी इथे मुक्ता म्हणते. तिच्या व पालकांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.

मुक्ता अकरावीत होती. लहान गटापासून ती एकाच मैत्रिणीबरोबर खेळत आली होती. मैत्रीण हैदराबादला एका अकादमीत गेली आणि तिथे तिला नवी जोडीदार मिळाली. मुक्ताला हे कळले ते एका स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, पाहताना, मैत्रिणीचे नाव दुसऱ्याच नावाशेजारी दिसले तेव्हा. त्या दिवसापासून तिने किट बॅग उघडली नव्हती. वडिलांनी लगोलग दोन-तीन मुलींची नावे काढली, आईने भंवरकुआंला अभ्यासाच्या कोचिंग क्लासची चौकशी केली, आणि आजी म्हणाली, "लग्न मोडल्यासारखी काय बसलीस गं?" आजी रागावून बोलली होती, पण दुखणे कोणते आहे हे त्या घरात तिलाच सर्वांत जवळून दिसले होते.

दुहेरीत दोघींचे अंगवळणी पडलेले एक गणित असते. आक्रमण करताना एक मागे आणि एक जाळीजवळ, बचावात दोघी शेजारी-शेजारी, आणि या दोन रचनांमधला बदल एक शब्दही न बोलता व्हावा लागतो. महिला दुहेरीत रॅली, म्हणजे एका गुणासाठी चालणारी फटक्यांची देवाणघेवाण, लांबतात, त्यामुळे हा बदल एकाच गुणात अनेकदा होतो. वर्षानुवर्षे असे खेळलेल्या मुलीची जोडीदार जाते तेव्हा तिच्या हालचालींचा अर्धा भाग निघून जातो, आणि त्याचे दुःख व्हायलाच हवे. पालक मात्र ती जागा ताबडतोब भरायला धावतात. मुलीला त्यातून एवढेच ऐकू येते, की आपल्या दुःखाला या घरात जागा नाही.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, अभ्यास आणि जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार यांची स्पष्ट चौकशी केली. झोप-भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि जिवाचा विचार मुलीने एकदाही बोलून दाखवला तर त्याच दिवशी. मुक्ताच्या बाबतीत तशी वेळ आली नव्हती. "काही दिवस नव्या जोडीदाराचे नाव घरात काढू नका," एवढेच मी पालकांना सांगितले.

पुढच्या एका भेटीत मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि त्यांनी जिंकलेला एखादा गुण काढून दाखवायला सांगितले. तिने कोर्ट आखले, मैत्रिणीचे पाऊल मागच्या रेषेजवळ दाखवले, तिच्या स्मॅशचा, म्हणजे वरून खाली मारलेल्या जोरकस फटक्याचा, बाण ओढला आणि पेन खाली ठेवले. "आणि तू कुठे होतीस?" असे विचारल्यावर तिने जाळीजवळ एक लहानसा ठिपका दिला. मग मी तोच गुण सुरुवातीपासून विचारत गेले. सर्व्हिस कोणाची होती? मुक्ताची. जाळीवर चढून समोरच्यांना शटल उचलायला कोणी लावले? मुक्ताने. स्मॅशची संधी आली ती त्यामुळेच. तिने कागद स्वतःकडे ओढला आणि ते सगळे बाण भरले. मैत्रीण गेली तरी हे कौशल्य तिच्याजवळच होते. आमचे पुढचे सगळे काम याच मुद्द्यावर उभे राहिले.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता आणि तो रास्त होता. "ताई, एकेरीत निदान जे आहे ते आपले असते. दुहेरीत रँकिंगसुद्धा जोडीचे." हे खरेच आहे, जागतिक क्रमवारीतले गुण जोडीला मिळतात आणि जोडी बदलली की चढण पुन्हा सुरू होते. म्हणून मी त्यांना निवृत्त इंडोनेशियन खेळाडू ग्रेसिया पोली हिची कारकीर्द सविस्तर सांगितली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जिंकण्याचा प्रयत्न केला नाही म्हणून महिला दुहेरीच्या चार जोड्या बाद झाल्या. त्यांतल्या एका जोडीत मेइलियाना जौहरीबरोबर पोली होती. त्यानंतर नित्या कृशिंदा महेश्वरीबरोबर तिने 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, पण रिओ ऑलिंपिकनंतर नित्या दुखापतीने मागे पडली आणि पोली स्वतः खेळ सोडण्याच्या विचारात होती. प्रशिक्षक एंग हियान यांनी तिला थांबवले, नव्या मुलींना हाताशी धरायला सांगितले, आणि 2017 मध्ये तिच्याहून जवळपास अकरा वर्षांनी लहान असलेली अप्रियानी राहायू तिची जोडीदार झाली. याच जोडीने टोकियो ऑलिंपिकमध्ये, मानांकन नसताना (म्हणजे आधीच ठरवलेल्या आघाडीच्या जोड्यांत नाव नसताना), अंतिम सामन्यात चीनच्या चेन छिंगछन आणि जिया यीफान यांना 21-19, 21-15 असे हरवले. इंडोनेशियाचे महिला दुहेरीतले ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. त्या सामन्यात रॅली सुरू असतानाच पोलीला रॅकेट बदलण्यासाठी कोर्टाबाहेर धावावे लागले. तेवढा वेळ अप्रियानीने एकटीने कोर्ट सांभाळले आणि तो गुण त्यांनीच घेतला.

वडिलांना मी सुवर्णपदकाचे आमिष दाखवत नव्हते. मुक्ता कुठवर जाईल हे मला ठाऊक नाही आणि तो माझा प्रांतही नाही. तीन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर खेळताना पोलीचा अनुभव प्रत्येक वेळी तिच्यासोबत पुढे गेला आणि शेवटच्या जोडीत तिची भूमिकाच बदलली, ती थोरली झाली, हे मला त्यांच्या नजरेस आणून द्यायचे होते.

मैत्रिणीचा राग बाकी होता, आणि तो दाबून ठेवला असता तर नव्या मुलीवर निघाला असता. मुक्ताने तिला संदेश लिहिला. माझ्या आग्रहावरून त्यात आरोप नव्हते. एकच वाक्य होते की तू मला आधी सांगायला हवे होतेस. उत्तर उशिरा आले, त्यात माफी होती, थोडी सारवासारवही होती. मुक्ताला तेवढे पुरले. मग ती आपण होऊन वडिलांना म्हणाली, "बाबा, आता बघू या कोण आहे ते." वेगवेगळ्या मुलींबरोबर सराव करून तिने जी निवडली ती नववीतली होती, मागून जोरकस मारणारी, पण जाळीजवळ गोंधळणारी. पहिल्या स्पर्धेत दोघी लवकर हरल्या. परतीच्या गाडीत मुक्ता तिला सर्व्हिसनंतर कुठे उभे राहायचे ते समजावत होती, असे आईने मला फोनवर सांगितले.

वडिलांनी शेवटच्या भेटीत विचारले, "आणि उद्या हीही गेली तर?" जाऊ शकते, मी म्हटले, किंवा कॉलेजसाठी मुक्ताच पुण्याला जाईल. पोली 2022 च्या जूनमध्ये निवृत्त झाली, आणि अप्रियानीने पुढच्याच महिन्यात सिती फादिया या नव्या जोडीदाराबरोबर मलेशिया ओपन आणि सिंगापूर ओपन जिंकले. जोड्या सुटणार हे धरूनच चालावे लागते. म्हणून दोन्ही घरांना मी एक व्यवस्था सुचवली आणि त्यांनी ती मान्य केली: प्रत्येक हंगाम संपल्यावर दोघी मुली, पालक आणि प्रशिक्षक एकत्र बसतील, पुढचा हंगाम एकत्र खेळायचा की नाही हे आधी मुली बोलतील, आणि मुक्ताच्या बारावीच्या परीक्षेच्या काळात धाकटीने दुसऱ्या कोणाबरोबर नाव नोंदवले तर त्याचा राग धरायचा नाही.