कूलरातली बाळंतीण

या महिन्यात पत्रं भरपूर आली, अर्धी उन्हावर आणि अर्धी सासूवर, त्यातली तीन घेऊन राहिले, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न : काकू, आमचा लोखंडी कूलर दिवाळीपासून मागच्या छपरीत पडला होता. परवा ताट्या बदलायला माणूस आला, त्याने बाजूची ताटी काढली आणि एकदम मागेच सरकला, आत जुन्या गवतावर मांजर आणि चार पिल्लं, डोळे पण उघडले नव्हते. सासरे म्हणतात पोत्यात भरा आणि लांब सोडून या, पारा 42 वर गेला, मी काय मांजरीपायी घामात लोळू? पोरं कूलरला हात लावू देत नाहीत, मोठीने तर वर ‘बाळंतिणीची खोली, आवाज करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलीय. नवरा दोन्हीकडे मान हलवतो. मी काय करू? — मधल्यामध्ये अडकलेली, मानेवाडा

उत्तर : अगं, नवऱ्याचं सोड, दोन्हीकडे मान हलवणारा टेबल फॅन प्रत्येक घरात एक असतोच.

पोत्याचं मात्र मनातून काढून टाका. एवढ्याशा पिल्लांना आईच्या उबेशिवाय आणि दर दोन-तीन तासांच्या दुधाशिवाय निभत नाही, आई तुटली की संपलं. डोळे साधारण सात ते दहा दिवसांत उघडतात, तीन आठवड्यांत धडपडत चालायला लागतात, चौथ्यात काहीबाही चाटायला लागतात, म्हणजे खरं तर महिन्याभराचाच प्रश्न आहे, पण नागपुरात उन्हाळ्यात महिनाभर कूलर नाही म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको.

तर असं कर. एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं घे, आत जुनी सुती साडी टाक (नवी नको गं, तिला काय त्याचं) आणि कूलरातलंच मूठभर गवत टाक, तिला आपला वास लागतो. मांजर खायला बाहेर पडली की पिल्लं खोक्यात ठेव, खोकं कूलरच्या आसपासच ठेव, पण छपरीवर टिन असेल तर तिथे नको, दुपारी नुसती भट्टी होते, जिन्याखाली सरकव. आणि मग सगळ्यांनी तिथून निघून जायचं, पोरांनी पण. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकून देते असं म्हणतात, तसं सहसा होत नाही, पण उठसूट जाऊन चिवडलं तर ती मानगुटीला धरून एकेक दुसरीकडे नेईल. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्या आज्या म्हणायच्या ते काही उगाच नाही. दुधाची वाटी ठेवू नका, मोठ्या मांजरांना गाई-म्हशीचं दूध बरेचदा पचत नाही आणि मग छपरी कोण धुणार, तूच. पाणी आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, सावजी नको.

आता सासरे. इथे मला आमचे बाबा आठवले. महालात वाड्यात राहायचो तेव्हा कूलर-बिलर काही नव्हतं, खिडकीला वाळ्याची ताटी आणि तिच्यावर तासातासाला पाणी मारायचं काम माझ्याकडे. बाबांना मांजर म्हटलं की अंगावर काटा, काठी घेऊनच फिरायचे. एका मे महिन्यात लग्नाला निघायचं म्हणून त्यांनी आपली ट्रंक उघडली, झाकण आधीपासून अर्धवट उघडंच राहिलं होतं, तर आत त्यांच्या काळ्या कोटावर मांजर व्यालेली. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. बाबांनी बराच वेळ बघितलं, झाकणाखाली विटेचा तुकडा लावला म्हणजे ते पडणार नाही, आणि शर्टावरच लग्नाला गेले. जो माणूस 20 वर्षं भर उन्हाळ्यात कोट घालून लग्नं अटेंड करत होता तो तिथे प्रत्येकाला सांगत होता, “काय उकडून राहिलं बाप्पा, कोट कोण घालते!” पुढे महिनाभर ते रोज ट्रंकेकडे जाऊन यायचे, विचारलं की म्हणायचे वीट सरकली का ते बघत होतो.

म्हणून सांगते, सासऱ्यांना मांजरीवर प्रेम करा वगैरे सांगू नको, त्यांना काम दे. “बाबा, तेवढी पाण्याची वाटी सकाळ-संध्याकाळ भराल का, मला वेळ नाही होत.” बस. चार दिवसांनी तेच पोरांना ओरडतील की जिन्याखाली दंगा कशाला करता.

आणि कूलर लावशील तेव्हा अर्थिंग बघून घे आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढून भर, लोखंडी कूलरचा झटका म्हणजे गंमत नाही. 25 मेपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, त्याच्या आत हे सगळं उरकून घे.

प्रश्न : मुलगा मागच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घरीच ठेवून आमच्या कुत्र्याला झूल आणि बेगड लावून घरोघरी फिरला. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे आणि खाऊ, सगळ्यांपेक्षा जास्त मिळाला. यंदाही तेच करतो म्हणतो, आतापासून तयारी सुरू आहे. आई म्हणते परंपरा बुडाली. — एक बाप, महाल

उत्तर : दुसरे रघुजीराजे भोसले यांनी 1806 मध्ये लहान मुलांसाठी हा सण सुरू केला असं सांगतात आणि तेव्हा लाकडी बैलच निवडला, त्यात शहाणपण होतं भाऊ. लाकडी बैल कोणाला चावत नाही आणि कोणाच्या गेटजवळ पाय वर करत नाही. शिवाय त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, तुमच्या भागात तर ढोल आणि गर्दी विचारू नका, कुत्र्याचा जीव घाबरा होतो. बैल न्या, कुत्र्याला घरी ठेवा, पण मागच्या वर्षीच्या बोजाऱ्यात त्याचा वाटा निघतो, तो मुलाने दिला का ते आधी विचारा.

प्रश्न : काकू, आजोबांना जाऊन वर्ष झालं. पण आमचा मिठ्ठू रोज सकाळी सहाला अगदी त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखं खाकरून, “चहा झाला का वं” असं ओरडतो आणि आजी आतून “ठेवला” म्हणते. आम्हाला हसावं की रडावं कळत नाही. आता शेजारी म्हणतात पोपट पाळणं गुन्हा आहे. खरं आहे का? — नातू, प्रतापनगर

उत्तर : खरं आहे बाळा. आपला हा हिरवा देशी पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पिंजऱ्यात ठेवता येत नाही, कितीही लाडाचा असला तरी. आमच्या लहानपणी घरोघरी टांगलेले असायचे, कोणाला काही वाटायचं नाही, मलाही नाही. पण घाबरून एका सकाळी पिंजऱ्याचं दार उघडून देऊ नकोस. इतकी वर्षं आयती मिरची आणि डाळ खाल्लेला पक्षी, त्याला ना धड उडता येत ना खाणं शोधता येत, कावळे आणि घारी त्याला संध्याकाळ बघू देणार नाहीत. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे स्वतःहून जाऊन खरं काय ते सांग, तो सोडण्यासारखा आहे की नाही ते तेच बघून ठरवतील.

जायच्या आधी आठ-दहा सकाळी सहाच्या ठोक्याला मोबाईल लावून त्याचा आवाज रेकॉर्ड कर, खाकरण्यासकट. आजीला मात्र गुपचूप काही करू नको, तिला सोबत घेऊन जा, पिंजरा तिच्या मांडीवर राहू दे रिक्षात.

आणि एक बघून मला कळव, आजी “ठेवला” म्हणते तेव्हा पातेल्यात पाणी किती कपांचं टाकते.